कौशल्याची मालकी : कुर्ल्याचा धडा

कौशल्य ही कामगाराची स्वतःची मिळकत होय. परंतु ज्या यंत्रांवर ते फळाला येते, ती बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असतात. त्यामुळे कारखान्यास टाळे लागताच निष्णात कामगारही बेकार होतो. कुर्ल्यातील कमानी ट्यूब्ज हा तांबे व मिश्रधातूंच्या नळ्या बनविणारा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, तेव्हा शेकडो कामगारांवर हाच प्रसंग ओढवला.

कामगारांच्या सहकारी संस्थेनेच कारखाना चालवावा, अशी योजना त्यांच्या संघटनेने पुढे आणली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कामगारांनी भविष्यनिर्वाह निधीतील पुंजी भागभांडवलात घातली आणि १९८९ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू झाले. भट्टी आणि यंत्रे चालविण्याचे ज्ञान कामगारांपाशी शाबूत होते, म्हणूनच हे शक्य झाले.

पुढे नव्वदीच्या दशकात कारखाना पुन्हा अडचणीत आला. हाताच्या कसबास खेळते भांडवल, बाजारपेठ आणि चोख हिशेब यांची जोड लागतेच. सहकारी संस्था स्थापन करताना सभासदांना ताळेबंद वाचावयास शिकविणे, हे म्हणूनच आर्थिक न्यायाचे पहिले पाऊल ठरते.