रेटिंग बघून हरू नका

स्पर्धेत जोड्या जाहीर झाल्या की मुलं आधी समोरच्याचं रेटिंग बघतात. ‘सर, त्याचं दोनशेनं जास्त आहे!’ म्हणणारं मूल पटावर बसण्याआधीच अर्धं हरलेलं असतं. अशा वेळी मी एक डाव सांगतो.

फेब्रुवारी २००३, स्पेनमधलं लिनारेस. पांढरी मोहरी गॅरी कास्पारोव्हकडे, रेटिंग २८४७, जगात पहिला. काळी मोहरी १५ वर्षांच्या तैमूर राजाबोव्हकडे, रेटिंग २६२४. दोघांचाही जन्म बाकूचा.

राजाबोव्हनं फ्रेंच बचाव निवडला. कास्पारोव्हनं राजासमोरचं प्यादं ई५ वर नेलं, एफ४ नं त्याला आधार दिला आणि पुढे जी प्यादंही पुढे ढकललं. अशा तिखट सुरुवातीत जागा मिळते, पण स्वतःचा राजा उघडा पडण्याचा धोकाही असतो. २१ व्या चालीला राजाबोव्हनं घोडा देऊन तेच ई५ चं प्यादं मारलं. गुंतागुंत वाढली, कास्पारोव्ह चुकला आणि ३९ चालींत हरला.

पत्रकारांनी या डावाला स्पर्धेतल्या सर्वोत्तम डावाचं बक्षीस दिलं, तेव्हा कास्पारोव्ह मंचावरच चिडला. मी हरलो म्हणूनच हे बक्षीस, असं त्याचं म्हणणं. तो चुकला होता हे खरंच. पण चूक आपोआप होत नाही; दर चालीला अवघड प्रश्न विचारणारा समोर असावा लागतो.

आता वर्गात हे गणित करून घ्या. फरक २२३ गुणांचा. इलो सूत्रानुसार कमी रेटिंगवाल्याकडून एका डावात सुमारे ०.२२ गुणांची अपेक्षा असते, म्हणजे पाच डावांत साधारण एक गुण. कमी आहे, पण शून्य नाही! रेटिंग आधी खेळलेल्या डावांबद्दल सांगतं. आजचा डाव अजून व्हायचाय.

पालकांना एक विनंती. मूल हरून आलं तर ‘तो भारीच होता’ म्हणून विषय संपवू नका आणि जिंकलं तर ‘नशीब’ म्हणू नका. दोन्ही वेळा एकच विचारा: ‘डाव कुठल्या चालीला फिरला, दाखव बरं?’ पट मांडून ते दाखवायला बसलं की शिकणं सुरू झालंच.