तिकीट काढण्याआधी ऐकून ठेव

डिसेंबरात भारतात जाऊ नकोस. सगळे जातात म्हणून आपणही जायचं, हा पहिला खड्डा. नाताळच्या सुट्टीत तिकिटं आभाळाला भिडलेली, विमानं खचाखच भरलेली, आणि घरी पोचावं तर लग्नसराई. आज बदलापूरला मांडव, उद्या पुण्याला पूजा, परवा कुणाची तरी पंचाहत्तरी. ताई आणि भावोजींच्या, म्हणजे तुझ्या आईबाबांच्या, वाट्याला तू येणार ती जांभया देत केलेल्या चार न्याहाऱ्यांपुरती. तुला अजून शाळकरी पोरं नाहीत, तेव्हा सुट्ट्यांचं पंचांग सांभाळायची गरज नाही. फेब्रुवारीत जा. डोंबिवलीत तेव्हा पहाटे पांघरूण घ्यावंसं वाटतं, बाजारात ओला हरभरा असतो, आणि ताई दुपारी दोन तास रिकामी असते. त्या दोन तासांसाठीच जायचं असतं.

आणि तू अमेरिकेत एच-वन व्हिसावाली. पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपला असेल, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीची तारीख हातात पडल्याशिवाय तिकिटाला हात लावायचा नाही. आईच्या हातची पुरणपोळी खायला म्हणून गेलेली आणि तारखेपायी तिकडेच अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. पुरणपोळी गोड लागत नाही मग.

आता विमान कुठलं. आमच्या पिढीत हा देशभक्तीचा प्रश्न होता, खरंच. एडिसनमधल्या आमच्या जेवणावळींत पुरुषमंडळी यावर हमरीतुमरीवर यायची. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाचं छोटं विमान स्वतः चालवत जुहूला आणलं, तिथपासून सुरुवात व्हायची. मग १९५३ साली सरकारने त्यांची एअर इंडिया ताब्यात घेतली ते बरं की वाईट, १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला उतरलं तेव्हा कशी छाती फुगली असेल, कंपनीचं बोधचिन्ह असलेल्या महाराजाच्या मिशा किती झोकदार. तो महाराजा बॉबी कुकांच्या डोक्यातून आणि उमेश रावांच्या हातून उतरलेला, १९४६ मधला. आता २०२२ पासून कंपनी पुन्हा टाटांकडे आहे, तरी वाद काही मिटलेला नाही. माझं ऐकशील तर महाराजावर माया जरूर कर, पण तिकीट काढताना थांबा किती तासांचा आहे, सामान कुठे बदलतं, विमान चुकलं तर पुढचं कधी, एवढंच बघ. ताई-भावोजींना इकडे आणशील तेव्हा तर त्यांचे गुडघे बघ आणि थेट विमान बघ. कुठल्या कंपनीचं तिकीट घेतलं यावरून कुणाचं देशप्रेम मोजू नये.

विमान आणि देश यांची गाठ खरोखर पडते ती वेगळ्या वेळी. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या घरात आपली माणसं होती. मल्याळी, गुजराती, कोकणातली, गोव्याची. बस पकडून, इराक ओलांडून, वाळवंटातल्या छावण्यांत पडून ती जॉर्डनला पोचली, आणि तिथून, अम्मानहून, एअर इंडियाने दोन महिन्यांत पाचशेच्या जवळपास फेऱ्या करून त्यांना मुंबईला आणलं. त्यातल्या कितीतरी जणांकडे अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही उरलं नव्हतं. पासपोर्टाचं वजन तेव्हा कळतं. एरवी तो खणातच पडलेला असतो.

म्हणून सांगते, निदान एकदा तरी आखाताच्या वाटेने जा. इथून निघालेल्या विमानात सगळे तुझ्यासारखेच: लॅपटॉप, मानेची उशी, पाण्याची महागडी बाटली. दुबईत किंवा दोह्यात विमान बदललं की माणसं बदलतात. दोन-दोन वर्षांनी घरी निघालेला कामगार शेजारी येतो. सामानाच्या पट्ट्यावर त्याचं खोकं ओळखू येतं: नायलॉनच्या दोरीने आवळलेलं आणि सहाही बाजूंनी जाड मार्करने लिहिलेलं, पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, वर मोबाइल नंबर. जगात परदेशातून घरी सर्वाधिक पैसे येतात ते भारतात, वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर. त्यात तुझा वाटा आहे तसा त्या खोकेवाल्याचाही आहे, आणि तुझ्या पैशांतून बहुधा दुसरा फ्लॅट होतो, त्याच्या पैशांतून बहिणीचं लग्न.

पूर्वी असा माणूस पेन आणि पासपोर्ट गुपचूप पुढे करायचा, अरायव्हल कार्ड भरून द्या म्हणून. भारतीयांसाठी ते कार्ड २०१४ साली बंद झालं. पण मदतीची वेळ अजून येते. लेकाकडे निघालेल्या एखाद्या आजी असतात, नऊवारी किंवा सुती पाचवारी, पायात लोकरीचे मोजे आणि त्यावर चप्पल. हातात लेकाने मोठ्या अक्षरांत लिहून दिलेला कागद: माझं विमान अमुक, मला तमुक दरवाजाला सोडा, मला इंग्रजी येत नाही. अशा बऱ्याच जणी चालता येत असूनही चाकाची खुर्ची मागतात, कारण खुर्ची ढकलणारा वाट चुकत नाही. लोक नाकं मुरडतात. तू मुरडू नकोस. ऊठ, त्यांना जेवणाचं झाकण उघडून दे, शाकाहारी कुठलं ते सांग, आणि मोरीची कडी कशी लागते ते दाखव. ते विचारायला त्या लाजतात आणि चौदा तास पाणी पीत नाहीत.

मुंबईला चाकं टेकली रे टेकली की पट्टे सुटल्याचे टकटक आवाज येतील, वरचे कप्पे उघडतील, हवाईसुंदरी ओरडेल. त्या वेळी आपल्यातले काही जण शेजारच्या गोऱ्याकडे बघून कसनुसं हसतात, मी यांच्यातला नाही बरं का, अशा अर्थी. ते हसू मला सहन होत नाही. तू बसून राहा, पट्टा लावून ठेव, पण कुणाची माफी मागितल्यासारखा चेहरा करू नकोस. उतरताना कुर्ला-जरीमरीकडची छपरं अगदी विमानाच्या पोटाखाली येतात, निळ्या ताडपत्रीची. एक जण ती बघून चुकचुकेल, दुसरा त्यांचंच चित्रीकरण करून त्याला देशभक्तीपर गाणं जोडेल. छपराखाली कोण राहतं याच्याशी दोघांनाही घेणं नसतं.

मला जे सांगायचं आहे ते खरं म्हणजे एवढंच आहे: आपल्या देशप्रेमाचा तिथल्या माणसांना त्रास होऊ नये. बाहेर राहून प्रेम उतू जातं, आणि ते सांडतं तिथे राहणाऱ्यांच्या अंगावर.

सुरुवात विमानतळापासून कर. भावोजींना घ्यायला येऊ देऊ नकोस. विमानं उतरतात मध्यरात्रीनंतर, आणि ते संध्याकाळपासून बुटांना पॉलिश करून बसतात. सहारच्या जुन्या दिवसांत आमच्यासाठी टेम्पो भरून माणसं यायची, हार घेऊन, कठड्याला रेलून, त्यात कुणाचं तरी पोर झोपलेलं. तेव्हा ते चालून गेलं. आता २०१४ चं नवं टर्मिनल आहे, बाहेर रांगेत टॅक्सी आहे. इमिग्रेशनला झटपट जायची फाटकं मुंबईतही आली आहेत, तुझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि परकं नागरिकत्व घेतलेल्या माझ्यासारख्या ओसीआय कार्डवाल्यांना. त्याची नोंदणी फुकट आहे, निघण्याआधी कर. जकातीचं काही जास्त असेल तर मुकाट लाल वाटेने जा. तिरंगा छातीवर लावून हिरव्या वाटेने सोनं नेणारे खूप आहेत.

घरी पहिला आठवडा ‘आमच्याकडे’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आमच्याकडे कुणी हॉर्न वाजवत नाही, आमच्याकडे रस्ता ओलांडताना गाड्या थांबतात. ज्यांना तो रस्ता रोज ओलांडायचा आहे, त्यांना हे ठाऊक आहे. उलट बाजूही तितकीच वाईट: काहीही बघून ‘वा, काय प्रगती!’ म्हणायचं, आणि आपण मात्र परतीचं तिकीट खिशात ठेवायचं. बाजारात पाचशेची नोट काढशील, भाजीवाली मेथीची जुडी बांधता बांधता हनुवटीने पाटीवरच्या क्यूआर कोडकडे दाखवेल, आणि सुटे नसल्याची ओरड तुझ्यामुळे होईल. अमेरिकेचा फोन नंबर अनिवासींच्या एनआरओ किंवा एनआरई खात्याला जोडून यूपीआय चालतं आता. ते इथूनच लावून घे. तुझं डोंबिवलीचं जुनं बचत खातंही तसंच पडून असेल, ते एनआरओ करून घे. परदेशी राहणाऱ्याला साधं निवासी खातं ठेवता येत नाही.

मताचं. तू अजून भारताची नागरिक आहेस, तेव्हा फॉर्म ६-ए भरून पासपोर्टावरच्या पत्त्यावर तुझं नाव मतदार यादीत लागू शकतं. २०१० च्या दुरुस्तीने तो हक्क दिला. मात्र मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. ते जमलं तर उत्तमच. जमलं नाही, तर कुणाला मत द्या हे घरच्या व्हॉट्सॲप गटावर सांगायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्या मंडळात पोत्याने आहेत, त्यांत भर नको.

पुढेमागे तू इथली शपथ घेशील. घे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परकं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की आपलं तिथेच संपतं, मग जुना पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय घ्यायचं. शपथ घेतली म्हणून तू फितूर होत नाहीस, आणि नाही घेतली म्हणून शिवबाची मावळीही होत नाहीस. फरक पडतो तो व्यवहारात. मला आता तिथे मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर ठेवता येते. आमच्या पिढीचा घोळ तर वेगळाच: लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे संगमेश्वरच्या सातबाऱ्यावर एक बाई आणि पासपोर्टात दुसरी. तुझी शाळेची, पासपोर्टाची आणि लग्नानंतर होतील ती कागदपत्रं एकाच नावाची ठेव. आणि पहिल्याच रात्री, जेवण होऊन डोळे मिटत असताना, ‘एक सही हवी होती गं’ म्हणून कुणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर हसून सांग, सकाळी वाचते. द्यायचं असेल तर खुशाल दे, पण जागेपणी दे.

देणगीचं मात्र नीट ऐक, कारण इथे चांगली माणसं फसतात. गावच्या शाळेला काही द्यावं असं विमानात सगळ्यांनाच वाटतं. मी परकी नागरिक, म्हणून माझा डॉलर कायद्याने परदेशी देणगी. तो घ्यायला संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० पासून तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावा लागतो. नोंदणी नसलेल्या ट्रस्टच्या हातात मी भावनेच्या भरात पैसे कोंबले, तर मी विमानात बसून परत येणार आणि नोटिशीला उत्तर तिथले गुरुजी देणार. तू भारतीय पासपोर्टवाली असेपर्यंत तुझ्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं त्यात धरत नाहीत, तेव्हा तुला सोपं आहे. काय द्यायचं ते मात्र आपण ठरवायचं नाही. मुख्याध्यापकांना विचार. तुझ्या मनात संगणक असेल. ते बहुधा मुलींच्या स्वच्छतागृहाचं पाणी किंवा थकलेलं वीजबिल सांगतील. त्यावर नावाची पाटी लागत नाही, तरी तेच द्यायचं.

परतीच्या सामानाला ताई बसली की घड्याळ बघू नकोस. लोणच्याच्या बाटलीच्या तोंडावर प्लास्टिक, वर झाकण, वर चिकटपट्टीचे तीन वेढे, मग जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, असं ते चालतं. तूप, लोणचं, मसाला सगळं मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं ठेवायचं नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात, सुरक्षा तपासणीत बॅग उघडायला लावतात. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत. दुबईमार्गे येत असशील तर खसखस मुळीच नको, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. कढीपत्ता आणि आंबे ताईला बजावून काढायला लाव. इकडे उतरल्यावर खाण्याचं सामान आहे का विचारतील, तिथे ‘हो’ म्हण. मेतकूट काय असतं विचारलं, तर भाजलेल्या डाळींचं पीठ म्हणून सांग.

तारीख ठरली की कळव. ताईसाठी माझी दोन पाकिटं द्यायची आहेत, एक गुडघ्याच्या पट्ट्याचं आणि एक बदामाचं. उघडीच पाठवीन. तू स्वतः आत हात घालून बघ आणि मगच बॅगेत ठेव, मी दिली असली तरी.