बिलात २००, सर्व्हरवर १००

प्रश्न : तुळजापुरात आमचं लहानसं लॉज आहे. खोल्यांचं बुकिंग आमच्याच वेबसाइटवर होतं आणि तिचा सर्व्हर क्लाउडवर आहे. देवी मंचकी निद्रेला गेली की नवरात्राच्या बुकिंगची झुंबड उडते, ती कोजागरीपर्यंत थांबत नाही. यंदा ऐन त्या गर्दीत ‘डिस्क ९४ टक्के भरली’ असा इशारा आला. देखभाल बघणाऱ्या मंडळींनी फोनवर बोलता बोलता १०० जीबीची डिस्क २०० केली आणि साइट क्षणभरही बंद पडली नाही. माझ्या भाच्याने सर्व्हरवर जाऊन पाहिलं, तर तिथे अजून १००च! क्लाउडच्या पोर्टलवर २००, बिलातही २००. खरं कोणाचं? मुळात चालू डिस्क मोठी होतेच कशी? आणि यात्रा उरकल्यावर ती परत १०० करता येईल का?
— एक वाचक, तुळजापूर

उत्तर : खरं दोघांचंही आहे. पण आधी तुमचा मधला प्रश्न घेतो, कारण तो सुटला की पहिल्याची गाठ आपोआप सैल होते.

तुमच्या सर्व्हरला जी डिस्क दिसते, ती त्याच्या पोटात बसवलेली वस्तू नाही. सर्व्हरला दिसते ती फक्त क्रमांक घातलेल्या ब्लॉकांची एक लांबलचक रांग. तो दोनच गोष्टी बोलतो : अमुक क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये हे लिही, तमुक क्रमांकाचा ब्लॉक वाचून दे. एक ब्लॉक ४ केबीचा धरला, तर तुमच्या १०० जीबीत २ कोटी ६२ लाख १४ हजार ४०० ब्लॉक होतात. त्यातला कुठला ब्लॉक खरोखर कुठल्या यंत्रावर ठेवलाय, याची नोंद क्लाउड कंपनीची वेगळी यंत्रणा ठेवते. ती यंत्रं डेटा सेंटरमध्ये दुसरीकडेच असतात, तुमचा सर्व्हर नेटवर्कवरून त्यांच्याशी बोलतो, आणि एखादं यंत्र बिघडलं तरी माहिती जाऊ नये म्हणून ब्लॉकच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असतात. याला ब्लॉक स्टोरेज म्हणतात.

म्हणून डिस्क १०० ची २०० करायची, तर कोणालाही स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठावं लागत नाही. आजवर शेवटचा क्रमांक २ कोटी ६२ लाखांवर थांबत होता, तो यापुढे ५ कोटी २४ लाखांपर्यंत चालेल, एवढंच त्या यंत्रणेला सांगायचं. जुन्या ब्लॉकांचे क्रमांक तेच राहतात. बुकिंगचा डेटाबेस ज्या क्रमांकांवर लिहीत होता, त्यांवरच लिहीत राहतो. पडद्यामागे कंपनी काही ब्लॉक दुसऱ्या यंत्रांवर हलवतही असते आणि मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात. तेवढा वेळ डिस्कचा वेग कधी कधी पूर्ण मिळत नाही, पण सर्व्हरच्या दृष्टीने काहीच हललेलं नसतं.

ही सोय फार जुनी नाही. ॲमेझॉनने अशी भाड्याची डिस्क ऑगस्ट २००८ मध्ये बाजारात आणली, पण ती सर्व्हर चालू असताना वाढवायची सोय दिली फेब्रुवारी २०१७ मध्ये. मधली साडेआठ वर्षं काय करायचे? डिस्कची प्रत काढायची, त्या प्रतीवरून मोठी डिस्क बनवायची, सर्व्हर थांबवायचा, जुनी डिस्क सोडवून नवी जोडायची. ‘देखभालीसाठी साइट रात्री १२ ते ४ बंद राहील’ या सूचनेमागे पुष्कळदा हेच काम असे. आता गुगल, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांकडेच चालू डिस्क वाढते. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं पुण्यात २०१५ पासून, ॲमेझॉनची मुंबईत २०१६ पासून आहेत, तेव्हा तुमचे ब्लॉक बहुधा महाराष्ट्रातच कुठेतरी नांदत असतील.

आता १०० आणि २०० चा घोळ. समजा, शेजारचं दोन एकर तुम्ही विकत घेतलंत, खरेदीखत झालं, पैसे मोजले. पण फेरफार झालेला नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर क्षेत्र जुनंच. आणि मधला बांध तसाच असल्याने पेरणीही जुन्याच तुकड्यात चाललीय. क्लाउडचं पोर्टल म्हणजे खरेदीखत, ते २०० सांगणारच. डिस्कच्या सुरुवातीला ‘पार्टिशन टेबल’ नावाची एक छोटी नोंद असते, कुठला भाग कुठून कुठवर याची. तो झाला सातबारा. आणि प्रत्यक्ष फायली कुठे ठेवायच्या हे ठरवणारी ‘फाइल सिस्टीम’ म्हणजे पेरणी. तुमच्या मंडळींनी खरेदीखत केलं आणि फोन ठेवला. पुढची दोन कामं राहिली. पैसे मात्र खरेदीखताच्या दिवसापासून लागतात.

तुमचा सर्व्हर लिनक्सवर चालतो असं धरतो. भाच्याला सांगा, आधी ‘एलएसबीएलके’ ही कमांड देऊन बघ. वरच्या ओळीत डिस्क २०० आणि तिच्याखाली पार्टिशन १०० दिसलं, म्हणजे सर्व्हरपर्यंत नवी बातमी पोचलीय, फक्त नोंद व्हायचीय. लिनक्सच्या कर्नलच्या लॉगमध्येही डिस्कची क्षमता बदलल्याची ओळ सापडेल. काही जातीच्या डिस्कना ही बातमी आपणहून मिळत नाही, तिथे ‘पुन्हा तपास’ असं सर्व्हरला एकदा सांगावं लागतं.

मग ‘ग्रोपार्ट’. ही कमांड पार्टिशनची शेवटची हद्द डिस्कच्या टोकापर्यंत सरकवते, सुरुवात जिथल्या तिथे ठेवून. डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये रिकामी जागा सोडायची असते. सवयीने दोन्ही जोडून लिहिलं की कमांड अडते आणि नवखा माणूस तास घालवतो. त्या पार्टिशनच्या पाठीला लागून दुसरं पार्टिशन असेल, तर हद्द सरकायला वावच नसतो. आणखी एक गंमत म्हणजे ग्रोपार्टला स्वतःचं काम करायला डिस्कवर थोडी तात्पुरती जागा लागते. डिस्क पुरती १०० टक्के भरलेली असेल, तर डिस्क वाढवणारी कमांडच ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून हात वर करते. तेव्हा ९४ टक्क्यांना आलेला इशारा तुम्ही मनावर घेतलात हे बरं झालं.

शेवटचं काम फाइल सिस्टीमचं, आणि मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. तुमच्याकडे ईएक्सटी४ असेल तर ‘रीसाइझटूएफएस’ चालवायचं. ही फाइल सिस्टीम जागेचे १२८ एमबीचे गट पाडते. १०० जीबीत असे सुमारे ८०० गट होते, तेवढेच नवे पडायचे आहेत. प्रत्येक नव्या गटात कुठली जागा मोकळी आणि कुठली भरलेली याचा तक्ता आखावा लागतो. हे तक्ते सगळे नव्या जागेतच लिहिले जातात. गट तयार झाले की मगच फाइल सिस्टीम आपल्या मुख्य नोंदीतला एकूण आकडा बदलते आणि नव्या जागेचा वापर सुरू होतो. तुमचा डेटाबेस, ओळखपत्रांचे फोटो, कशालाही हात लागत नाही. म्हणून हे काम बुकिंग चालू असताना होऊ शकतं, आणि सहसा काही सेकंदांत होतं. एक्सएफएस असेल तर कमांड वेगळी, ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’. ती तर फाइल सिस्टीम वापरात असतानाच चालते, बंद ठेवून वाढवायची सोयच तिच्यात नाही.

‘रात्री एकदा रीस्टार्ट करा, दिसेल’ असा सल्लाही तुम्हाला मिळाला असेल. तो अगदीच चुकीचा नाही. बहुतेक क्लाउड सर्व्हरमध्ये ‘क्लाउड-इनिट’ नावाचा प्रोग्रॅम असतो, तो सर्व्हर सुरू होताना वरची दोन्ही कामं स्वतःच उरकतो. पण हे सहसा ज्या डिस्कवर लिनक्स बसवलंय तिच्यापुरतंच. डेटासाठी वेगळी डिस्क जोडलेली असेल तर कितीही वेळा रीस्टार्ट करा, १०० चे १००च राहतील. शिवाय दोन कमांडी वाचवायला यात्रेच्या दिवसांत साइट बंद पाडणं मला तरी पटत नाही.

भाच्याने कमांडींना हात लावण्याआधी मात्र डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्यायचाच. पोर्टलवरच त्याचं बटण असतं. ही कामं सहसा बिघडत नाहीत, पण पार्टिशनच्या नोंदीत एक आकडा चुकला तर सगळी डिस्क अनोळखी होते, आणि ऐन नवरात्रात बुकिंगची वही हरवण्यापेक्षा स्नॅपशॉटचे थोडे पैसे परवडले.

इतकं झाल्यावर ‘डीएफ’ कमांडने बघितलं तर वापरायला २०० पेक्षा कमीच दिसेल. ईएक्सटी४ आपल्या जागेतली ५ टक्के मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणजे तुमचे १० जीबी तिथे गेले. कोणी ढापलेले नाहीत.

न विचारलेलं एक सांगतो. एका लॉजच्या बुकिंगला १०० जीबी पुरत नाहीत, हेच मला खटकलं. अशा ठिकाणी जागा खाणारे ठरलेले असतात : वर्षानुवर्षं न छाटलेले लॉग, डेटाबेसच्या रोजच्या बॅकअपच्या त्याच डिस्कवर साठलेल्या प्रती, आणि मोबाइलवरून काढलेले ओळखपत्रांचे पाच-पाच एमबीचे फोटो. कधी लॉगची फाइल पुसूनही जागा सुटत नाही, कारण चालू प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. फोटोंबद्दल तर वेगळंच सांगायचं आहे. पाहुणा खोली सोडून गेल्यावर त्याचं आधार कार्ड तुमच्या सर्व्हरवर किती दिवस राहायला हवं, हे आधी ठरवा. जितके फोटो ठेवणं भाग आहे तितकेच ठेवा.

राहिला परत १०० करण्याचा प्रश्न. तसं होत नाही. पोर्टलवर मोठा आकडा टाकता येतो, लहान टाकला की तो नाकारला जातो. कारणही सरळ आहे : मधल्या काळात सर्व्हरने कुठल्याही क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये काहीही लिहिलेलं असू शकतं, आणि त्यातलं काय कामाचं आहे हे क्लाउड कंपनीला कळत नाही. तिला फक्त क्रमांक कळतात. शेवटचे अडीच कोटी ब्लॉक तिने डोळे मिटून कापले, तर त्यात तुमच्या अष्टमीचं बुकिंग असलं तरी तिला पत्ता लागणार नाही.

खरोखरच कमी करायची असेल तर वेगळा मार्ग आहे. नवी १०० ची डिस्क घ्यायची, साइट चालू असतानाच सगळ्या फायली तिच्यावर उतरवायच्या, मग थोडा वेळ साइट थांबवून मधल्या काळात बदललेलं तेवढं पुन्हा उतरवायचं, आणि नवी डिस्क जुनीच्या जागी जोडायची. इथे मात्र साइट बंद ठेवावी लागते, तेव्हा हे काम कोजागरी होऊन गर्दी ओसरल्यावरच काढा. लिनक्स बसवलेलीच डिस्क असेल तर काम आणखी किचकट आहे, भाच्याच्या एकट्याच्या गळ्यात घालू नका.

म्हणूनच पहिल्या फोनवर थेट दुप्पट करायची गरज नव्हती. १०० ची १३० केली असती तरी यंदाची यात्रा निभावली असती, आणि कमी पडली तर पुन्हा वाढवता आली असती. एका डिस्कचा आकार दिवसात किती वेळा बदलता येतो यावर कंपन्यांच्या मर्यादा असतात, पण लॉजला त्या आड येत नाहीत. डिस्क वाढवण्यामागे जागेपेक्षा वेग हवा असेल, तर हल्लीच्या काही प्रकारांत वेग वेगळा विकत मिळतो. ॲमेझॉनच्या जीपी३ प्रकारात तो नवरात्रापुरता वाढवून नंतर उतरवताही येतो.