शक्यता आणि आवश्यकता : मराठी क्रियारूपांचा विचार

बोरिवलीहून लोकलने निघालेल्या प्रवाशाची ही दोन वाक्ये पाहा :

१. मला अंधेरीला उतरावे लागले.
२. मला अंधेरीला उतरायला पाहिजे होते.

दोन्ही वाक्ये आवश्यकता दर्शवितात. तथापि, पहिल्यातील प्रवासी उतरला आहे. दुसऱ्यातील बहुधा पुढे गेला आहे. ‘लागले’ या रूपातून परिस्थितीची सक्ती आणि घडलेली क्रिया सूचित होते; ‘पाहिजे होते’मधून राहून गेलेल्या कर्तव्याची रुखरुख व्यक्त होते.

आता विध्यर्थाकडे वळू. पारंपरिक व्याकरणाने कर्तव्य आणि तर्क हे दोन्ही अर्थ विध्यर्थात घातले आहेत. ‘तिने वर्गात असावे’ हे कर्तव्य होय. ‘ती वर्गात असावी’ हा तर्क होय. इंग्रजीतील ‘मस्ट’ हे क्रियापदही असे दुहेरी काम करते; मराठीत मात्र येथे कर्त्याची विभक्ती बदलते आणि तिच्यावरून अर्थभेद स्पष्ट होतो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. सूचनापत्रातील ‘अर्ज सादर करावा’ हा आदेश असतो, तर ‘अर्ज सादर करता येईल’ ही मुभा असते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने मुभेला आदेश मानले, तर रजा व्यर्थ जाते. आदेशाला मुभा मानले, तर संधी जाते. म्हणून सूचना वाचताना प्रथम क्रियापद पाहावे.

स्वयंअध्ययन : ‘गाडी आली असेल’ आणि ‘गाडी आली असावी’ यांपैकी कोणत्या वाक्यात वक्त्याची खात्री अधिक जाणवते? सकारण लिहा.