कार्बन वाढला, ओल नाही: काय करावे, काय टाळावे

१९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. हा वायू झाडांचं अन्न, तेव्हा पिकं आपोआप जोमाने येतील, असं पुष्कळ जण मानतात. घर हुबळीच्या देशपांडे नगरात आणि जमीन कुंदगोळ-नवलगुंदकडे, अशा कुटुंबांनी तरी या भरवशावर राहू नये. २०२३ साली कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वर्षी हवेत कार्बन भरपूर होता. कमी पडली ती मुळाशी ओल.

काय करावे

• आपलं पीक कोणत्या गटातलं ते ओळखा. सोयाबीन, कापूस, भुईमूग, हरभरा, गहू, मिरची, आंबा यांना जास्तीच्या कार्बनचा फायदा मिळतो, पण पाणी आणि नत्र पुरेसं असेल तेव्हाच. ज्वारी, मका, ऊस पानातच कार्बन एकवटून घेतात. त्यांना एरवी फरक पडत नाही, पाण्याचा ताण असताना थोडा आधार मिळतो.

• काळ्या रानात कप्पेबंदी करा, वेळेवर कोळपा. भेगा बुजल्या की ओल टिकते. एवढं एक काम झालं तरच बाकीच्या सल्ल्यांना अर्थ आहे.

• उन्हाळी मिरचीला सावली किंवा आच्छादन द्या. कार्बन वाढला की पानावरची रंध्रं आकसतात. पाणी वाचतं, पण पान तापतं. फुलं उष्म्याने गळतात आणि मग हिरवीगार झाडं असूनही तोडा हलका येतो.

• ताटात ज्वारी ठेवा. हवेतला कार्बन ५५० भागांच्या आसपास नेऊन उघड्या शेतात प्रयोग झाले. त्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१४ साली आले: गव्हात जस्त सुमारे ९, प्रथिनं ६ आणि लोह ५ टक्क्यांनी घटलं. भातातही घट दिसली. ज्वारीवर परिणाम बराच कमी. डाळींची प्रथिनं मुळांवरच्या गाठींमुळे बहुतांशी टिकतात, लोह-जस्त मात्र त्यांचंही उतरतं. म्हणजे पोतं भरलं तरी पोषण भरतंच असं नाही. आपल्याकडे भाकरी अजून रोजची आहे. ती मुलांच्या ताटातून जाऊ देऊ नका. माझ्या मते या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच.

• काँग्रेस गवत फुलण्याआधी मुळासकट उपटा, हातमोजे घालून. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे तण वाढत्या कार्बनवर आणखी माजतं.

• अंगणातल्या मोठ्या झाडाला पाणी फांद्यांच्या घेराखाली, सावकाश आणि खोलवर द्या. पाणी शोषणारी बारीक मुळं तिथे असतात, बुंध्याशी नाहीत.

काय टाळावे

• बुंध्याला भिडेपर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर. मुळांनाही श्वास लागतो. निदान तीन-चार फूट माती उघडी ठेवा.

• पालापाचोळा जाळणं. तोच तीन-चार इंच जाडीने आळ्यात पसरा. फक्त खोडाला टेकवू नका.

• दुपारी मान टाकलेल्या रोपाला घाईने पाणी. सकाळीही ते तसंच असेल तर द्या.

• कोरड्या जमिनीत युरिया. मुळं होरपळतात. आणि नत्राशिवाय कार्बनचा फायदा नाही हे खरं असलं, तरी ते ओलीवरच द्यायचं.

• अशक्त हापूसला मोहोरासाठी कल्टार. मोहोराआधी आंब्याला थोडा ताण लागतोच. पण आधीच दुष्काळाने थकलेल्या झाडावर औषधाचा जोर करणं म्हणजे पुढची वर्षं घालवणं.

• ‘एक तोडलं तर दहा लावू’ हा हिशेब. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ जुन्या निलगिरीच्या जंगलात वाढीव कार्बन सोडून पाहिला. झाडांनी कार्बन घेतला, पण जमिनीत स्फुरद कमी असल्याने वाढ झाली नाही; बराचसा कार्बन श्वसनातून परत हवेत गेला. नव्या रोपाचंही तसंच: त्याच्याकडून आपण धरलेली अपेक्षा पुरी होईल का, हे मातीच्या कसावर ठरतं. पोसलेलं जुनं झाड मात्र आज, आत्ता सावली देतं आणि हवा गार ठेवतं. १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या आवारातली बहुतेक झाडं तोडायलाही परवानगी लागते. शेजारी कुणी विनापरवाना कुऱ्हाड लावत असेल तर गप्प बसू नका.

मार्चचं ऊन तापण्याआधी आपल्या दारातल्या झाडाभोवतालचे पेव्हर काढा आणि गल्लीतल्या चार घरांनाही काढायला लावा.