एका वाद्यवृंदाचें कूळ

इंग्लंडांतील 'इमर्सन, लेक अँड पामर' हा तिघांचा वृंद १९७० सालीं निघाला. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' नामक संगीतांत माझा तो सर्वांत आवडता. त्याचें वादन पुष्कळांस, विशेषतः वडील मंडळींस, निव्वळ गोंगाट वाटतें. परंतु त्या गोंगाटाचें कूळ शोधूं गेल्यास आपण थेट रशियांत जाऊन पोहोंचतों.

चित्रकार हार्टमन १८७३ सालीं वारला. पुढील वर्षीं त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. तें पाहून त्याचा स्नेही मुसोर्गस्की यानें पियानोकरितां 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' ही रचना केली. एका चित्रापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रेक्षकाची चाल दाखविणारा स्वरसमूह तींत पुनःपुन्हां येतो. १९२२ मध्यें राव्हेल या फ्रेंच संगीतकारानें ती मोठ्या वाद्यवृंदासाठीं रचिली. आणि मार्च १९७१ मध्यें न्यूकॅसल येथें या तिघांनीं ती ऑर्गन व ढोलांच्या गजरांत वाजविली. चाल तीच, पावलें मात्र दणदणीत!

येथें मूळ कर्त्याचें नांव उघड आहे. १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत तसें नव्हतें. तींतील 'द बार्बेरियन' हें बार्टोकच्या १९११ मधील 'अलेग्रो बार्बारो'वर, तर 'नाइफ-एज' हें यानाचेक व बाख यांच्या संगीतावर उभारलेलें. परंतु मूळ कर्त्यांचा उल्लेख आरंभीं तीवर नव्हता, तो मागाहून आला. माझी प्रीति यामुळें उणावली नाहीं. मात्र ती मुद्रिका लावण्यापूर्वीं आतां मी बार्टोकची ती जेमतेम तीन मिनिटांची रचना ऐकून घेतों.