इंग्रजीतील काळ : क्रिया चालू की पूर्ण?

नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा हे गाव औष्णिक वीजकेंद्रामुळे राज्यभर परिचित आहे. सध्याच्या केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला. पुढे त्याच क्षमतेचे आणखी तीन व ५०० मेगावॅटचा एक संच उभा राहून केंद्राची स्थापित क्षमता १,३४० मेगावॅट झाली. अशा ठिकाणी इंग्रजी ही केवळ परीक्षेची भाषा राहत नाही. यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि तांत्रिक नोंदी यांच्याशी परिसरातील मुलांचा पुढे संबंध येतो. 'द व्हॉल्व्ह हॅज बीन रिपेअर्ड' म्हणजे झडपेची दुरुस्ती झाली आहे. 'द व्हॉल्व्ह इज बीइंग रिपेअर्ड' म्हणजे ती अद्याप चालू आहे. पहिल्या वाक्याच्या आधारे वाफ सोडता येईल. दुसरे वाक्य असताना ती सोडल्यास माणसाच्या जिवाशी गाठ पडेल.

राज्यातील शाळांत जून २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यापूर्वी ती सामान्यतः पाचवीपासून शिकविली जाई. तरीही काळांचा गोंधळ वरच्या वर्गांपर्यंत टिकून राहतो. त्याचे कारण विद्यार्थ्यांची मंदबुद्धी नव्हे. अपूर्ण आणि पूर्ण काळ मराठीतही आहेत. परंतु त्यांच्या सीमा इंग्रजीतील सीमांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्या कोठे जुळत नाहीत, तेवढे नेमके दाखविले तर निम्मे काम होते.

'आहे' म्हणजे नेहमी 'इज' नव्हे

'पंचायतीकडे दोन विहिरी आहेत' या वाक्याचे 'इज हॅविंग टू वेल्स' असे भाषांतर सर्रास होते. मालकी, ज्ञान, आवड या स्थिती होत. त्या घडत असलेल्या क्रिया नव्हेत. म्हणून तेथे 'हॅज टू वेल्स' असा साधा वर्तमानकाळ योजावा. त्याचप्रमाणे 'मला माहीत आहे' याला 'आय नो' म्हणावे, 'आय ॲम नोइंग' म्हणू नये.

'पासून' या शब्दाची दोन रूपे

'हे केंद्र १९८९ पासून वीजनिर्मिती करीत आहे.' येथे मराठीत अपूर्ण वर्तमानकाळ पुरतो. त्यामुळे विद्यार्थी 'इज जनरेटिंग सिन्स १९८९' असे लिहितो. इंग्रजीत मात्र भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी चालू पूर्ण वर्तमानकाळ लागतो : 'द स्टेशन हॅज बीन जनरेटिंग पॉवर सिन्स १९८९.' शिवाय, मराठीतील एकाच 'पासून'साठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. आरंभाचा क्षण सांगावयाचा असल्यास 'सिन्स' आणि कालावधी सांगावयाचा असल्यास 'फॉर' वापरतात. शिक्षकाने फळ्यावर आडवी रेघ ओढावी, तिच्या डाव्या टोकाला आरंभाचे वर्ष आणि उजव्या टोकाला 'आज' लिहावे. डावे टोक म्हणजे 'सिन्स', संपूर्ण रेघेची लांबी म्हणजे 'फॉर'.

'केव्हा?' हा प्रश्न विचारावा

'सरपंचांनी काल अर्ज पाठविला आहे' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र 'येस्टरडे' आले की 'हॅज सेंट' चालत नाही. साधे 'सेंट' लिहावे लागते. वाक्यातच 'केव्हा?' या प्रश्नाचे निश्चित उत्तर असेल, तर साधा भूतकाळ योजावा. उत्तर नसेल आणि क्रियेचा परिणाम आज महत्त्वाचा असेल, तर पूर्ण वर्तमानकाळ योजावा.

'होते' या रूपाचेही असेच आहे. 'दिनांक ५ रोजी पत्र पाठविले होते' याचे भाषांतर कार्यालयीन पत्रांत पुष्कळदा 'हॅड सेंट' असे केले जाते. इंग्रजीतील पूर्ण भूतकाळाला भूतकाळातीलच दुसऱ्या घटनेचा आधार लागतो. दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे तो सांगतो. एकच घटना सांगावयाची असल्यास 'सेंट' पुरेसे आहे.

सरावासाठी वाक्ये

१. शिक्षिका पाच महिन्यांपासून येथे शिकवीत आहेत.
२. मुख्याध्यापक नागपूरला गेले आहेत.
३. अभियंता पोहोचण्यापूर्वीच संच बंद पडला होता.
४. रस्त्याचे काम मार्चमध्ये पूर्ण झाले आहे.

उत्तरे : १. 'द टीचर हॅज बीन टीचिंग हिअर फॉर फाइव्ह मंथ्स.' २. 'द हेडमास्टर हॅज गॉन टू नागपूर.' (ते जाऊन परत आले असल्यास 'हॅज बीन टू नागपूर'.) ३. 'द युनिट हॅड ट्रिप्ड बिफोर दि इंजिनिअर अराइव्ह्ड.' ४. 'द रोड वर्क वॉज कम्प्लीटेड इन मार्च.' येथे 'मार्चमध्ये' हे 'केव्हा?' चे उत्तर असल्याने 'हॅज बीन' येत नाही.

अशी वाक्ये पाठ्यपुस्तकापुरती मर्यादित ठेवू नयेत. गावातील नळयोजना, शाळेची इमारत, रस्त्याचे काम यांविषयी विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी तीन वाक्ये लिहून घ्यावीत : काम चालू आहे, काम झाले आहे, काम अमुक दिवशी झाले. ज्या कामाची स्थिती मुलाने स्वतः पाहिली आहे, त्याविषयी लिहिताना तो काळ पाठांतराने निवडत नाही. वस्तुस्थिती पाहून निवडतो. अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाला हीच सवय उपयोगी पडणारी आहे.